आजोबांचा नवस

ऑक्टोबर १६३३. बव्हेरियाच्या डोंगरातलं ओबरामरगाऊ गाव. तुम्ही चर्चमध्ये शिरता आणि मागच्या बाकाशीच थांबता. प्लेगच्या दिवसांत परक्याला कोण जवळ करणार? गावानं वेशीवर पहारे बसवले होते. पण परगावी मजुरीला असलेला कास्पर शिसलर चर्चच्या जत्रेच्या ओढीनं रात्री चोरून घरी आला आणि त्याच्याबरोबर रोगही आला, असं सांगतात. त्यानंतर ऐंशीच्या आसपास माणसं गेली.

आता गावचे कारभारी, ज्यांना 'सहा आणि बारा' म्हणतात ती मंडळी, नवस बोलतात: दर दहा वर्षांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा खेळ करू. कुठवर? ते कुणी बोलत नाही, आणि पुढचं ठाऊक असल्यामुळे अस्वस्थ होता ते एकटे तुम्हीच. चर्चच्या लेखी नवस म्हणजे समजून-उमजून, स्वखुशीनं देवाला दिलेलं वचन. ते मोडणं पाप. पण बांधला जातो तो फक्त बोलणारा. आजोबांचा नवस नातवाच्या मानगुटीवर बसत नाही. या मंडळींबरोबर हे ऋण संपायला हरकत नव्हती.

पुढच्याच वर्षी पेन्टेकॉस्टच्या सणाला तुम्ही त्यांचा पहिला खेळ बघता. रंगमंच दफनभूमीत, प्लेगनं गेलेल्यांच्या थडग्यांवर उभारलाय. १६७४ नंतरचा खेळ तर १६८४ ची वाट न पाहता १६८० मध्येच होतो. दशकाचा मेळ बसावा म्हणून. पण देणेकरी मुदतीआधी दारात आलेला तुम्ही याआधी पाहिलाय का?

१७७०. म्युनिकमध्ये गावकऱ्यांच्या मागे तुम्हीही उभे आहात. बव्हेरियाचा शासक (इलेक्टर) तिसरा मॅक्सिमिलियन योझेफ याच्या सरकारनं असे सगळे खेळ बंद केलेत. धर्माचं सर्वांत मोठं गूढ नाटकाच्या फळीवर शोभत नाही म्हणे. गावकरी नवसाचा दाखला देतात. नकार येतो. खरं तर ही सुटकाच: जे करणंच अशक्य, त्याचं पाप लागत नाही. तरी हे लोक पुन्हा अर्ज करतात आणि १७८० मध्ये परवानगी मिळवतात. मला त्यांचा हा हट्ट नवसाहून मोठा वाटतो.

१९३४ मध्ये मात्र मान खाली घालून बसा. पहिल्या खेळाची त्रिशताब्दी आहे आणि हिटलर खेळाला आलाय. ज्यूंना ख्रिस्ताचे मारेकरी ठरवणारी संहिता त्याला मानवते. चर्च सांगतं की नवस चांगल्याच गोष्टीचा असावा. इथे तो फिटतोय, आणि त्यातून विष पसरतंय.

२०२२. करोनामुळे दोन वर्षं उशीर झालाय. दिग्दर्शक क्रिस्टियान श्ट्युकल यांनी गेल्या काही दशकांत संहिता पुष्कळ बदलली आहे. त्यांचा येशू उघडपणे ज्यू आहे, हिब्रूत प्रार्थना करणारा. 'सहा आणि बारा'ना हा खेळ ओळखूही आला नसता. पण तुम्ही तर तिथे होतात: त्यांनी शब्द दिला होता तो खेळाचा, संवादांचा नव्हे.