मार्सेल म्यूल आणि सॅक्सोफोनची प्रमाणवाणी

वाद्याला परंपरा नसणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्याकडील संगीताच्या अभ्यासकास सहसा येत नाही. बीन, सारंगी अथवा बासरी यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा उभा असतो आणि कोणता नाद शुद्ध, कोणता अशुद्ध याचा निवाडा तो वारसाच करतो. ज्या वाद्यास असा वारसा नाही, त्याचा निवाडा कोणी करावयाचा? सॅक्सोफोन हे अशा वाद्याचे ठळक उदाहरण होय. त्याचा जनक आदोल्फ साक्स हा बेल्जियममध्ये जन्मलेला कारागीर. त्याने १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचे एकस्व घेतले. म्हणजे ज्याचा जन्म सरकारी दप्तरात नोंदलेला आहे, असे हे वाद्य आहे. त्याला अभिजात वाद्याची योग्यता कशी प्राप्त झाली, हे फ्रेंच वादक व अध्यापक मार्सेल म्यूल (१९०१–२००१) याच्या चरित्राच्या आधारे पाहावे, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे प्रमाणभाषेच्या घडणीशी या घटनेचे असलेले साम्य त्याला विशेष विचारार्ह वाटते.

प्रथम पूर्वपीठिका. पॅरिसच्या संगीत विद्यालयात, म्हणजे कॉन्झर्व्हातोआरमध्ये, १८५७ पासून साक्स स्वतः लष्करी बँडच्या विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवीत असे. १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि तो वर्ग बंद पडला. पुढे ७२ वर्षे तो उघडला नाही. या काळात बिझेने १८७२ मध्ये ‘लार्लेझिएन’च्या संगीतात आणि राव्हेलने १९२८ मध्ये ‘बोलेरो’त सॅक्सोफोनला स्थान दिले, हे खरे. परंतु हे आमंत्रण पाहुण्यासारखे होते. वाद्याचा नित्याचा संसार लष्करी बँडमध्ये होता आणि पहिल्या महायुद्धानंतर नृत्यगृहातील जॅझमध्ये.

म्यूलचा जन्म नॉर्मंडीतील ओब या गावी २४ जून १९०१ रोजी झाला. वडील स्वतः सॅक्सोफोन वाजवीत व गावच्या बँडपथकाचे संचालन करीत. मुलाला वाद्याची दीक्षा घरातच मिळाली. तथापि, त्याने पोटासाठी शाळामास्तर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती व त्याप्रमाणे त्याने अध्यापकाचे शिक्षण घेऊन काही काळ शिकविलेही. सक्तीच्या लष्करी सेवेने त्याला पॅरिसला आणले आणि १९२३ मध्ये तो गार्द रेप्युब्लिकेन या नामांकित बँडमध्ये दाखल झाला. दिवसा बँड व रात्री नृत्यगृहातील वादन, असा त्याचा काही वर्षांचा क्रम होता.

या रात्रीच्या वादनातच पुढील घटनेचे बीज आहे. जॅझवादक दीर्घ स्वर सरळ न ठेवता त्याला हलका कंप देत. बँडच्या शिस्तीत मात्र अभिजात सॅक्सोफोनवर असा कंप निषिद्ध मानला जाई. १९२८ मध्ये ऑपेरा-कॉमिक या नाट्यगृहात एका नृत्यनाट्याच्या साथीस असताना म्यूलने हा कंप अभिजात रचनेत प्रथम योजला आणि तो श्रोत्यांना व सहवादकांना रुचला. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर बोलीतील एक लकब प्रमाणभाषेत शिरली. यापुढील पाऊल अधिक अर्थपूर्ण आहे. म्यूलने त्या लकबीस व्याकरण दिले. कंपाची गती मिनिटास सुमारे ३०० आंदोलने असावी, असे ठरवून तो विद्यार्थ्यांकडून तालमापकाच्या ठोक्यावर, प्रत्येक ठोक्यास मोजून चार आंदोलने, याप्रमाणे त्याचा सराव करून घेई. नृत्यगृहात जे अंगवळणी पडून येत असे, ते आता धड्यात शिकविता येऊ लागले.

व्याकरणाबरोबर वाङ्मय हवे. म्यूलने १९२८ मध्येच बँडमधील सहकाऱ्यांसह चार सॅक्सोफोनांचा मेळ स्थापन केला. याच कलावंतांसाठी वृद्ध रशियन रचनाकार ग्लाझुनोव्ह याने १९३२ मध्ये आपली चतुर्वाद्य रचना लिहिली. पुढे पिएर्ने, फ्लोराँ श्मित यांच्या रचना आल्या. १९३६ मध्ये म्यूलने बँड सोडला. १९४२ मध्ये, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, कॉन्झर्व्हातोआरचे संचालक क्लोद देल्व्हँकूर यांनी सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा उघडला व तो म्यूलकडे सोपविला. १९६८ पर्यंत, म्हणजे २६ वर्षे, तो तेथे शिकवीत होता.

या वर्गाचे खरे बळ वार्षिक परीक्षेत होते. पारितोषिकासाठी ठराविक रचना नेमण्याची तेथे प्रथा असल्याने नव्या रचनांची मागणी सतत निर्माण झाली. देझाँक्लोची १९५६ ची रचना अशाच परीक्षेसाठी लिहिली गेली. परीक्षेबाहेरही रचनाकार म्यूलला डोळ्यांपुढे ठेवून लिहीत. पोल मोरिस या बाईंनी प्रॉव्हान्स प्रांताची पाच स्वरचित्रे त्यालाच अर्पण केली. जेथे वाङ्मय अपुरे पडे, तेथे म्यूलने उसने आणले. ओबोसाठी फेर्लिंगने लिहिलेल्या ४८ अभ्यासरचना त्याने सॅक्सोफोनसाठी सिद्ध केल्या व त्यांत १२ स्वतःच्या जोडल्या. १९५८ मध्ये शार्ल म्युन्शच्या संचालनाखाली बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदासह त्याने अमेरिकेत दौरा केला. फ्रेडरिक हेमकी, यूजीन रूसो यांसारखे अमेरिकन तरुण पॅरिसला येऊन त्याच्यापाशी शिकले व परत जाऊन विद्यापीठांत अध्यापक झाले. एका माणसाचा नाद अशा रीतीने समुद्रापलीकडे पाठ्यक्रम बनला.

येथपर्यंत हा इतिहास यशाचा आहे. पण तो येथेच थांबविल्यास अपुरा ठरेल. त्याच काळात दुसरी एक वाणी अस्तित्वात होती. जर्मनीत जन्मलेला झीगुर्ट राशेर (१९०७–२००१) वाद्याची प्रचलित अडीच सप्तकांची मर्यादा ओलांडून चार सप्तकांपर्यंत जाई, आणि साक्सच्या मूळ घडणीप्रमाणे आतून प्रशस्त असलेल्या मुखनळीचा आग्रह धरी. ग्लाझुनोव्हचा १९३४ चा काँचेर्तो व ईबेरची १९३५ ची प्रसिद्ध रचना याच वादकासाठी लिहिली गेली. परंतु त्याच्यापाशी कॉन्झर्व्हातोआर नव्हते, दरवर्षीची परीक्षा नव्हती. १९३३ नंतर त्याला जर्मनी सोडावी लागली. डेन्मार्क व स्वीडन करीत तो १९३९ मध्ये अमेरिकेस पोहोचला. त्याचे शिष्य निष्ठावंत होते, पण ते संप्रदायाच्या रूपाने उरले. म्यूलच्या वर्गाने मात्र अत्युच्च सप्तकास फारसे स्थान दिले नाही. वस्तुतः वाद्याच्या मूळ रूपाशी इमान राखण्याचा दावा राशेरचाच अधिक सबळ होता. प्रमाण मात्र ठरली ती नृत्यगृहातून कंप उचलणारी पॅरिसची वाणी. यावरून प्रमाण म्हणजे सर्वांत प्राचीन अथवा सर्वांत शुद्ध रूप नव्हे, तर ज्याच्या पाठीशी शाळा, परीक्षा व पुस्तक उभे राहिले ते रूप, असा निष्कर्ष निघतो. एका प्रदेशाची बोली प्रमाण मानून इतर बोलींना ‘अशुद्ध’ ठरविणाऱ्या आपणा अध्यापकांना हा निष्कर्ष परका वाटू नये.

तथापि, म्यूलला केवळ वगळणारा म्हणून दोष देणे अन्यायाचे होईल. त्याचाच शिष्य झाँ-मारी लोंदे याच्यासाठी एदिसन देनिसोव्ह या रशियन रचनाकाराने १९७० मध्ये सोनाटा लिहिला, व त्यात पाव-स्वरांतरे आणि एकाच फुंकीतून निघणारे अनेक स्वर योजले. गुरूच्या अभिरुचीपासून ही वाट दूर होती. पण गुरूने घालून दिलेल्या पक्क्या तालमीवाचून ती चालता आली असती, असे वाटत नाही. प्रमाणाने बंधन घातले तसेच बंधन ओलांडण्याचे सामर्थ्यही दिले.

राशेर २००१ च्या फेब्रुवारीत वारला. म्यूल त्याच वर्षी १८ डिसेंबरला, वयाची शंभरी पूर्ण करून. एकाचा नाद पाठ्यक्रमात राहिला, दुसऱ्याचा शिष्यांच्या निष्ठेत. दोन्ही ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्याखेरीज या वाद्याचा इतिहास पुरा समजत नाही.