हिऱ्यांच्या व्यापारातील यशाचे घटक : गोवळकोंडा, गोवा व लिव्होर्नो यांच्या संदर्भात (१७ वे व १८ वे शतक)

प्रस्तावना

भारताच्या आर्थिक इतिहासात सुती कापड, मसाले व नीळ यांच्या व्यापाराचा विस्ताराने विचार झालेला आहे. रत्नांच्या व्यापाराकडे मात्र बहुधा दरबारी वैभवाचे एक अंग म्हणूनच पाहिले जाते. कोहिनूरसारख्या हिऱ्यांच्या कथा लोकप्रिय झाल्या. परंतु खाणीच्या तोंडापासून युरोपातील जवाहिऱ्यांपर्यंत हिरा पोहोचविणारा व्यापारी त्या कथांमागे झाकला गेला. इ. स. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरविणारा प्रमुख देश भारत हाच होता. बोर्निओ बेटातून येणारा माल अल्प होता. त्यामुळे शतकानुशतके हिऱ्याचा व्यापार म्हणजे भारतीय व्यापाऱ्यांशी करावयाचा व्यवहार असेच समीकरण होते.

हिरा हा इतर मालासारखा माल नव्हे. कापडाचा नमुना दाखविता येतो, मिरीचा भाव बाजारात विचारता येतो. दोन हिरे मात्र कधीही सारखे नसतात. तो मुठीत मावतो, सहज लपविता येतो व त्याचा गुणदोष तज्ज्ञाखेरीज कोणास कळत नाही. एका चुकीच्या खरेदीने व्यापाऱ्याचे भांडवल बुडू शकते. अशा व्यापारात काहींना पिढ्यान्‌पिढ्या यश कसे मिळाले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. भांडवल, वंशपरंपरागत ज्ञान व ज्ञातीची एकजूट ही त्याची नेहमीची उत्तरे होत. ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत, असे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे

१. खाणीवरील हिरेबाजारातील प्रशिक्षण, पारख व सौदा यांच्या पद्धतींचा अभ्यास करणे.
२. परस्परांना अपरिचित असलेल्या व्यापाऱ्यांमध्ये पत कशी निर्माण होत असे, याचा शोध घेणे.
३. या व्यापारातील यशाच्या मर्यादा तपासणे.

साधनांविषयी

खाणीवरील बाजाराचे सर्वांत तपशीलवार वर्णन ज्याँ बाप्तिस्त ताव्हेर्निये (१६०५–१६८९) या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याने केलेले आहे. त्याने पूर्वेकडे सहा प्रवास केले आणि त्यांचा वृत्तांत १६७६ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. तो स्वतः खरेदीदार असल्याने त्याची दृष्टी व्यवहारी आहे. मात्र त्याने दिलेले मोठे आकडे अंदाजी समजूनच वापरावे लागतात. इ. स. १६७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणींविषयी एक वृत्तांत छापला गेला. त्याचाही उपयोग होतो. गोवा व लिव्होर्नो यांच्यातील व्यापारावर फ्रान्सेस्का त्रिव्हेलातो यांच्या २००९ मधील ग्रंथाने नवा प्रकाश टाकला आहे.

पारख : बालवयातील प्रशिक्षण

ताव्हेर्नियेने ज्या खाणीस राओलकोंडा म्हटले आहे, ती आजच्या आंध्र प्रदेशातील कर्नूल परिसरातील रामल्लकोटा येथील खाण असल्याचे मानले जाते. तेथील चौकातील एका झाडापाशी दहा ते पंधरा-सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले बसत असत. प्रत्येकाजवळ एका बाजूस हिऱ्याची वजने व दुसऱ्या बाजूस कमरेला होनांची थैली असे. काहींच्या थैलीत सहाशे होनांपर्यंत रक्कम असल्याची नोंद आहे. कोणी हिरा विकावयास आणला की तो प्रथम वयाने सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती दिला जाई. तो पाहून दुसऱ्याकडे देई आणि अशा रीतीने एक शब्दही न बोलता हिरा सर्वांच्या हातांतून फिरून पहिल्याकडे परत येई. नंतर तो भाव करी. खरेदी महाग झाली तर तोटा त्याच्या एकट्याच्या माथी येत असे. संध्याकाळी सर्व माल एकत्र करून पाणी, वजन व स्वच्छता यांनुसार त्याची प्रतवारी केली जाई. तो मोठ्या व्यापाऱ्यांना विकल्यावर नफा मुलांमध्ये वाटला जाई व प्रमुखाला पाव टक्का अधिक मिळे.

या वर्णनाकडे केवळ कुतूहलाचा विषय म्हणून पाहू नये. येथे प्रशिक्षणाची एक पूर्ण व्यवस्था दिसते. मुलांच्या हाती खरा पैसा दिलेला आहे, निर्णय घेण्याआधी प्रत्येकाने माल पाहिलेला आहे, चुकीची जबाबदारी निश्चित आहे आणि लाभ सामायिक आहे. दुसऱ्याचे मत ऐकून आपले मत बनू नये म्हणून मौन पाळले जाते. वंशपरंपरागत ज्ञान या शब्दाने ज्याचे वर्णन केले जाते, ते रक्तातून येत नव्हते. ते रोजच्या सरावातून व तोट्याच्या भीतीतून घडत होते.

पारख करण्याची रीतही प्रांताप्रमाणे वेगळी होती. युरोपातील जवाहीर दिवसाच्या उजेडात हिरा पाहत. येथील व्यापारी रात्री भिंतीतील कोनाड्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवून, हिरा बोटांत धरून त्याचे पाणी जोखीत. वजनांतही फरक होता. गोवळकोंडा व विजापूर येथील मंगेलीन हे वजन सुमारे १⅜ कॅरट, तर त्याच नावाचे गोव्यातील वजन ५ ग्रेन म्हणजे १¼ कॅरट होते. किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असा नियम ताव्हेर्नियेने नोंदविला आहे. म्हणजे वजन दुप्पट झाले की किंमत चौपट होते. अशा स्थितीत वजनातील अल्प फरकाने किंमत पुष्कळ बदले. एकच नाव धारण करणाऱ्या दोन वजनांतील भेद ठाऊक असणे हाही यशाचा घटक होता.

सौदा : मौनाचे महत्त्व

विक्रेता व ग्राहक समोरासमोर मांडी घालून बसत. एकजण कमरेचे वस्त्र सोडी आणि त्याखाली झाकलेल्या हातांच्या खुणांनी भाव ठरे. संपूर्ण हात म्हणजे हजार, पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, अर्धे बोट म्हणजे पन्नास व बोटाचे टोक म्हणजे दहा. माणसांनी भरलेल्या दालनात एकच माल पाच-सहा वेळा हातोहात विकला जाई, तरी कोणत्या भावाने विकला गेला हे इतरांना कळत नसे.

ही पद्धत महाराष्ट्राला अपरिचित नाही. शेतमालाच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची ‘हत्ता पद्धत’ येथे दीर्घकाळ रूढ होती आणि बाजार नियमनाच्या काळात तिच्या जागी उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. एकच पद्धत एका बाजारात उपयुक्त व दुसऱ्या बाजारात अन्यायकारक का ठरली, याचा विचार करणे आवश्यक आहे. हिरेबाजारात वस्त्राखालचे दोन्ही हात मालाची पारख असणाऱ्या व्यापाऱ्यांचे होते. शेतमालाच्या बाजारात ते अडत्या व खरेदीदार यांचे होते. मालाचा धनी असलेला शेतकरी बाहेर उभा होता. गुप्तता ज्ञानाने बरोबरीच्या दोन पक्षांमध्ये असेल तरच ती न्याय्य ठरते, असे या तुलनेवरून म्हणता येते.

पत : ज्ञातीच्या आत व बाहेर

१६७७ च्या वृत्तांतानुसार दक्षिणेतील खाणींवरील व्यापार प्रामुख्याने गुजरातच्या वाण्यांच्या हाती होता. ते काही पिढ्यांपूर्वी आपला प्रदेश सोडून तेथे स्थायिक झाले होते आणि सुरत, गोवा, गोवळकोंडा, विजापूर, आग्रा व दिल्ली येथील आपल्या बांधवांशी त्यांचा पत्रव्यवहार असे. येथे ज्ञातीच्या जाळ्याचे महत्त्व स्पष्ट दिसते. खाणीवरील माणसाला दूरच्या बाजारातील मागणी कळणे आणि दूरच्या माणसाला खाणीवरील मालाची खात्री मिळणे, ही दोन्ही कामे हे जाळे करीत असे.

परंतु हिऱ्याचा शेवटचा ग्राहक युरोपात होता आणि तेथपर्यंत कोणतीही एक ज्ञाती पोहोचत नव्हती. या दृष्टीने गोव्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. इटलीतील लिव्होर्नो बंदरातील ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातील पोवळी लिस्बनमार्गे गोव्यास पाठवीत आणि त्याबदल्यात हिरे मागवीत. पोवळे हे नवरत्नांपैकी एक असल्याने भारतात त्याला मागणी होती. अर्गास व सिल्वेरा या लिव्होर्नोच्या पेढीचा गोव्यातील व्यवहार कामोतीम, म्हणजे कामत, या सारस्वत घराण्यातील व्यापाऱ्यांशी चाले. लिस्बनमध्ये इटालियन ख्रिस्ती व्यापारी त्यांचे काम पाहत. पोर्तुगीज सत्तेखालील प्रदेशात ज्यू धर्म उघडपणे पाळण्यास बंदी होती. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायपीठ कार्यरत होते. ज्यू, ख्रिस्ती व हिंदू अशा तीन धर्मांच्या या व्यापाऱ्यांत विवाहसंबंध शक्य नव्हते. लिव्होर्नोच्या व्यापाऱ्याने गोव्याचे तोंडही पाहिलेले नसे, आणि सर्वांना सारखाच बांधील असा न्यायाधिकारही नव्हता.

तरीही हा व्यवहार दीर्घकाळ चालला. त्याचा आधार पत्रे हा होता. जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असल्याने एका पत्राचे उत्तर येण्यास वर्षाहून अधिक काळ लागे. म्हणून पत्रात भाव, मालाची प्रत, खर्च, दलाली व पुढील सूचना यांचा तपशील बारकाईने लिहिला जाई. एकाच शहरात अनेकांशी पत्रव्यवहार असल्याने एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या पत्रावरून पडताळता येई. अप्रामाणिकपणाची वार्ता लिस्बन, लिव्होर्नो व गोवा या तिन्ही ठिकाणी पसरे आणि पुढील वर्षांचा व्यापार हातचा जाई. अनोळखी माणसावरील हा विश्वास भाबडा नव्हता. भविष्यातील लाभाच्या अपेक्षेवर व लेखी पुराव्यावर तो उभारलेला होता. पत ही ज्ञातीकडून वारशाने मिळत असेलही; परंतु ज्ञातीच्या सीमेपलीकडे ती कमवावी लागे.

यशाच्या मर्यादा

राजसत्तेची मर्जी हा दुसरा घटक होता, पण तो अस्थिर होता. अहमदाबादचे शांतिदास झवेरी यांचे मुघल दरबाराशी निकटचे संबंध होते. तरीही त्यांनी बांधलेल्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिराची १६४५ मध्ये, औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना, विटंबना झाली. पुढे शाहजहानने ते परत करण्याचा आदेश दिला. इ. स. १६८७ मध्ये गोवळकोंड्याची कुतुबशाहीच संपुष्टात आली. एका दरबारावर विसंबणे किती धोक्याचे होते, हे यावरून दिसते.

मोठ्या लाभाचा मोह ही दुसरी मर्यादा होय. वर्गाच्या नियमानुसार मोठ्या हिऱ्याची किंमत झपाट्याने वाढते; पण त्याचे ग्राहक तितक्याच झपाट्याने कमी होतात. अर्गास व सिल्वेरा यांची पेढी मध्यम मालाच्या नियमित व्यवहारावर उभी होती. एका मोठ्या हिऱ्याच्या व्यवहारातून उद्भवलेल्या वादात ती अडकली आणि १७४६ च्या सुमारास बुडाली. जेथे अनेक व्यवहारांतून भाव व माणूस पडताळता येत होता तेथे पेढी टिकली. जेथे एकाच व्यवहारावर सर्व काही अवलंबून राहिले तेथे ती कोसळली.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ताव्हेर्नियेच्या म्हणण्यानुसार कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीवर स्त्रिया व मुले धरून साठ हजार माणसे काम करीत. रामल्लकोट्याच्या मजुराला, तो आपल्या कामात निष्णात असूनही, वर्षाला तीन होन मिळत. पन्नास मजुरांमागे बारा ते पंधरा पहारेकरी असत. चौकातील मुलाच्या थैलीतील सहाशे होन म्हणजे अशा दोनशे मजुरांची वर्षाची मजुरी होय. व्यापाऱ्यांमध्ये पत होती; मजुराच्या वाट्याला पहारा आला. पारख त्यालाही होती, परंतु ती पतीत रूपांतरित करण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नव्हते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हिऱ्यांच्या व्यापारातील पारख ही जन्मजात देणगी नसून जबाबदारी व सराव यांच्या व्यवस्थेतून घडविलेले कौशल्य होते. दुसरी, ज्ञातीच्या जाळ्याने व्यापाराला पाया दिला. परंतु त्याचा विस्तार धर्म व भाषा यांच्या पलीकडे पत निर्माण करणाऱ्या पत्रव्यवहाराने झाला. तिसरी, राजाश्रय अथवा एखादा मोठा सौदा यांपेक्षा लहान, नियमित व पडताळता येणारे व्यवहार यशाला अधिक स्थैर्य देत. चौथी, या यशाची फळे ज्यांचा हात वस्त्राखाली होता त्यांनाच मिळाली.

आज मुंबई व सुरत ही हिऱ्यांच्या व्यापाराची मोठी केंद्रे आहेत. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरे बाजार २०१० मध्ये व सुरत येथील भव्य हिरे बाजार २०२३ मध्ये सुरू झाला. या केंद्रांच्या यशाचा अभ्यास करताना पत कोणाला कमाविता येते व कोणाला येत नाही, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. कारागिराची पारख व व्यापाऱ्याची पत यांतील अंतर कमी झाले किंवा नाही, यावरच या व्यापाराच्या यशाचे खरे मूल्यमापन करता येईल.