पार्किंग लॉटमधले विजेतेपद

मुले कॉलेजला गेली की पहिल्या सेमिस्टरमध्ये कधीतरी फोनवर हे वाक्य ऐकू येते : "आई, या वीकेंडला मी येत नाही, आमची टूर्नामेंट आहे." कसली, असे विचारावे तर उत्तर मिळते, "अल्टिमेट." म्हणजे काय, तर फ्रिस्बी. समुद्रावर लोक कुत्र्यासाठी फेकतात ती प्लॅस्टिकची तबकडी! एवढी फी भरून पोराला कॉलेजात घालायचे आणि त्याने शनिवार-रविवार तबकडीमागे धावायचे, हे मराठी आईबापांच्या पचनी पडणे अवघडच. पण या खेळाचा जन्म आपल्या न्यू जर्सीतच झाला आणि त्याच्या स्पर्धांचा इतिहासही बराचसा इथेच घडला. तो आपल्या घरांतून ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

आधी तबकडीविषयी. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला फ्रिस्बी नावाची पाय बनवणारी बेकरी होती. तिचे रिकामे पत्र्याचे डबे येलचे विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत, अशी कथा सांगतात. प्लॅस्टिकची तबकडी मात्र कॅलिफोर्नियाच्या वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांची. तिचे हक्क १९५७ साली व्हॅम-ओ कंपनीने घेतले आणि त्याच वर्षी तिला 'फ्रिस्बी' हे नाव दिले. १९६४ च्या सुमारास एड हेड्रिक यांनी तिच्या पाठीवर कडी काढून तिचे उड्डाण स्थिर केले. आम्ही पेशाने रसायनवाले, त्यामुळे एवढे नोंदवल्यावाचून राहवत नाही : ही सारी करामत पॉलिएथिलीनची. पत्रा बोटाला कापतो आणि ठिसूळ प्लॅस्टिक आपटले की तडकते. वाकूनही न तुटणारे पॉलिमर हाताशी आले नसते, तर हा खेळ पायच्या डब्यापुढे फारसा गेला नसता.

आता मेपलवूडला येऊ. तिथल्या कोलंबिया हायस्कूलमध्ये जोएल सिल्व्हर नावाचा विद्यार्थी होता. (पुढे हॉलिवूडमध्ये 'डाय हार्ड' आणि 'द मेट्रिक्स' काढणारे निर्माते ते हेच.) १९६८ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या एका शिबिरात तो तबकडीचा एक सांघिक खेळ शिकून आला आणि शरदात त्याने विद्यार्थी परिषदेपुढे तो थोडा थट्टेनेच मांडला. १९६९ मध्ये विद्यार्थी परिषद आणि शाळेचे वर्तमानपत्र यांच्यात सामना झाला. मग रात्री शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांखाली, रोजचा खेळ सुरू झाला. सिल्व्हर, बझी हेलरिंग आणि जॉन हाइन्स या तिघांनी नियम लिहून काढले, ते १९७० साली छापले गेले. त्याच वर्षी शेजारच्या मिलबर्न हायस्कूलशी पहिला आंतरशालेय सामना झाला.

पोरांच्या खेळाचे नियम बांधणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गल्लीगणिक वेगळ्या तऱ्हेने खेळला जाणारा खो-खो पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियमांत बसवला. फरक इतकाच की तिथे हे काम जाणत्या मंडळींनी केले आणि इथे अकरावी-बारावीच्या पोरांनी.

नियम साधे आहेत. दोन्ही बाजूंना सात-सात जण. तबकडी हातात असताना धावायचे नाही, फक्त फेकायची, तीही दहा मोजेपर्यंत. ती जमिनीवर पडली किंवा प्रतिपक्षाने अडवली की डाव त्यांचा. टोकाच्या पट्ट्यात आपल्या गड्याने झेलली की एक गुण.

शाळा संपवून ही मुले कॉलेजांत पांगली, कोणी रटगर्सला तर कोणी प्रिन्स्टनला. खेळ त्यांच्याबरोबर गेला. बझी हेलरिंग प्रिन्स्टनला गेला आणि पहिल्याच वर्षात, १९७१ मध्ये, मोटार अपघातात वारला. पुढच्या वर्षी जे घडले ते त्याला पाहायला मिळाले नाही.

६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात अल्टिमेटचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. दिवस मुद्दाम निवडला होता. बरोबर १०३ वर्षांपूर्वी, ६ नोव्हेंबर १८६९ ला, याच दोन कॉलेजांत अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉल सामना झाला होता. जागाही तीच, न्यू ब्रन्सविकमध्ये. मधल्या काळात त्या मैदानाचे पार्किंग लॉट झाले होते. म्हणजे पार्किंग लॉटमध्ये जन्मलेल्या खेळाला माहेरच मिळाले म्हणायचे! फुटबॉल रटगर्सने ६-४ असा, दोन गुणांनी जिंकला होता. तबकडीही रटगर्सनेच जिंकली, २९-२७. फरक पुन्हा दोनचाच. हे कोणी कथेत लिहिले असते तर संपादकांनी ओढूनताणून जमवले म्हणून परत पाठवले असते.

तीन वर्षांनी पहिली खरी स्पर्धा भरली. एप्रिल १९७५ मध्ये येलला आठ कॉलेजांचे संघ जमले आणि अंतिम सामन्यात रटगर्सने रेन्सेलियर पॉलिटेक्निकला २६-२३ असे हरवले. १९७६ मध्ये अ‍ॅमहर्स्टला सोळा संघ आले. त्यांतले तेरा पूर्व किनाऱ्यावरचे आणि तीन मिडवेस्टचे, तरी नाव मात्र 'राष्ट्रीय'. रटगर्सच पुन्हा विजेते झाले.

पश्चिमेलाही हा खेळ रुजत होता, तेव्हा हे 'राष्ट्रीय' फार दिवस टिकणारे नव्हते. १९७९ साली खेळाडूंनी आपली संघटना स्थापली. तिच्याच राष्ट्रीय स्पर्धेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी दोन किनारे समोरासमोर आले. एका बाजूला सांता बार्बरा काँडोर्स हा कॅलिफोर्नियाचा क्लब आणि दुसऱ्या बाजूला दक्षिण जर्सीतले ग्लासबरो स्टेट कॉलेज, म्हणजे आजचे रोवन विद्यापीठ. कॉलेजची पोरे आणि कॅलिफोर्नियाचा क्लब एकाच मैदानावर! ग्लासबरोने सामना जिंकला, १९-१८.

या एका गुणापाशी थोडे थांबायला हवे, कारण मैदानावर पंच नव्हता. अल्टिमेटमध्ये फाऊल खेळाडू स्वतः पुकारतो. समोरच्याला ते मान्य असले तर ठीक. नसले तर दोघे तिथेच बोलतात, आणि तरीही एकमत झाले नाही तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते. रेषेबाहेर पाय पडला की नाही हे ज्याला नीट दिसले त्याने सांगायचे, आपल्याविरुद्ध असले तरी. याला ते 'स्पिरिट ऑफ द गेम' म्हणतात. आट्यापाट्यांत 'लागला' आणि 'नाही लागला' यावरून संध्याकाळ संपवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चालते कसे, असे वाटणारच. आम्हालाही वाटते. आमच्या मते याचे कारण भलेपणात कमी आणि हिशेबात जास्त आहे. लहानशा वर्तुळात तेच ते संघ वर्षभर भेटतात आणि एकदा खोटारडा ठरलेला गडी पुढच्या प्रत्येक स्पर्धेत खोटारडाच राहतो. प्रयोगशाळेच्या वहीचेही असेच असते. कोणी रोज तपासत नाही, पण एकदा आकडा बदललेला सापडला की त्या माणसाच्या बाकीच्या पानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आता मोठ्या स्पर्धांत 'ऑब्झर्वर' असतात, पण वादावर पहिला शब्द आजही खेळाडूंचाच.

क्लब आणि कॉलेज यांच्या वाटा लवकरच वेगळ्या झाल्या. कॉलेजांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये सुरू झाली, ती स्टॅनफर्डने जिंकली. कॉलेजच्या मुलींची स्पर्धा १९८७ पासून भरते. संघटनेचे नाव २०१० पासून 'यूएसए अल्टिमेट' आहे आणि २०१५ मध्ये ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली. भारतात चेन्नईच्या वाळूवरही तो खेळतात.

राहता राहिला आईबापांचा प्रश्न. कॉलेजात अल्टिमेट हा 'क्लब स्पोर्ट' असतो, म्हणजे फुटबॉल-बास्केटबॉलसारखा एनसीएएचा खेळ नव्हे. स्कॉलरशिप नाही. कॉलेजकडून मिळालीच तर थोडीफार मदत, बाकी वर्गणी, व्हॅनचे भाडे आणि मोटेलच्या एका खोलीत किती जण झोपणार याचा हिशेब पोरेच करतात. प्रशिक्षक नसला तर संघही तीच निवडतात. वसंतात आधी आपल्या भागातल्या कॉलेजांची फेरी, मग विभागीय आणि मे महिन्यात राष्ट्रीय. पहिल्या गटात तिथे वीस संघ पोचतात. एप्रिलमध्ये फोन आला आणि "रीजनल्स आहेत, येत नाही" असे ऐकले, तर मैदान कुठे आहे ते विचारून घ्या. तिकीट बहुधा लागत नाही. घडीची खुर्ची आणि पोहे मात्र आपले आपण न्यावेत, आणि पोहे जरा जास्तच, कारण सामने सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतात आणि दुसऱ्या संघाची पोरेही भुकेलेलीच असतात.