एका पाळकाचे अनुमान आणि विद्युत्भारांचा नियम

दोन विद्युत्भारांमधील बलाचा नियम कूलंब या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने शिकविला जातो. परंतु त्यांच्या अठरा वर्षे आधी जोसेफ प्रीस्टली या इंग्लिश पाळकाने तो आपल्या ग्रंथात सुचविला होता. धर्मसेवकांनी हा इतिहास जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

विद्युत्भार दोन प्रकारचे असून सजातीय भार परस्परांस दूर लोटतात व विजातीय भार ओढून घेतात, हे द्यु फे यांनी १७३३ च्या सुमारास दाखविले होते. अंतर वाढले असता हे बल किती घटते, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता.

विद्युत्भारित भांड्यात रेशमी दोऱ्याने सोडलेली बुचाची गोळी आतल्या बाजूंकडे ओढली जात नाही, असे फ्रँकलिन यांस आढळले होते. त्यांच्या सूचनेवरून प्रीस्टली यांनी १७६६ मध्ये प्रयोग करून तेच पाहिले. पोकळ गोलाच्या आतील वस्तूस त्या गोलाचे गुरुत्वाकर्षण कोणत्याही बाजूस ओढीत नाही, कारण ते बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे न्यूटन यांनी सिद्ध केले होते. मग विद्युत्बलही त्याच नियमाने चालत असेल काय? १७६७ च्या ग्रंथात प्रीस्टली यांनी हे अनुमान प्रश्नरूपानेच मांडले. पुराव्याहून अधिक त्यांनी म्हटले नाही.

कॅव्हेंडिश यांनी १७७३ च्या सुमारास सूक्ष्म प्रयोगाने ते पडताळले, पण प्रसिद्ध केले नाही. त्यांची टिपणे १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी छापली. दरम्यान १७८५ मध्ये कूलंब यांनी तारेच्या पिळावरून बल मोजले होते. दोन सजातीय भारित गोळ्यांत ३६ अंशांचे अंतर राखण्यास ३६ अंशांचा पीळ पुरला. १८ अंशांवर आणण्यास १४४ अंशांचा लागला. अंतर निम्मे होताच बल चौपट झाले. नियमास त्यांचे नाव लाभले ते योग्यच होय.

प्रीस्टली यांनी त्रैक्याचा सिद्धान्त नाकारला. तेथे आमचा मार्ग त्यांच्याहून वेगळा आहे. परंतु १७९१ मध्ये बर्मिंगहॅम येथे धर्म आणि राजा यांचा जयघोष करीत जमावाने त्यांचे घर, प्रयोगशाळा व प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा सत्याची कोणतीच सेवा घडली नाही. त्यांच्या धर्ममताचे खंडन युक्तिवादाने करता आले असते. त्यांचे अनुमान तर आगीनंतरही खरेच राहिले. ज्यांच्याशी आपला मतभेद आहे त्यांच्या हातूनही सृष्टीविषयीचे सत्य आपणांस मिळू शकते, हे अध्यापन करताना आपण विसरू नये.