पंचावन्न मतांची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत मुलांची लोकसभा भरते. एकाला अध्यक्ष करायचे, बाकीच्यांनी सरकार आणि विरोधक म्हणून दोन बाजूंना बसायचे, अशी आमची पद्धत. एके वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आम्ही नऊ आणि ते चाळीस. मत घेतले की आम्ही हरणारच. मग बोलायचे कशाला?" वर्ग खो खो हसला. घंटा व्हायची वेळ आली होती, म्हणून मी त्याला "खाली बस" म्हटले. पण संध्याकाळी शिरोळच्या उसाच्या फडांमधून घरी येताना तो प्रश्न काही माझी पाठ सोडीना. मुलाचे चुकले नव्हते. माझे चुकले होते. त्याला जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज वाचकांना सांगतो.

१५ मे १९५२. स्वतंत्र भारताची पहिली निवडून आलेली लोकसभा आपला अध्यक्ष निवडत होती. पंडित नेहरूंनी नाव सुचवले गणेश वासुदेव मावळंकरांचे. विरोधकांनी उभे केले शंकरराव शांताराम मोऱ्यांना. गंमत अशी, की दोघेही मराठी! मावळंकरांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वराकडचे. जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची. मोरे शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, सोलापुरातून निवडून आलेले. मावळंकरांच्या नावाचा ठराव मताला टाकला गेला. बाजूने ३९४, विरुद्ध ५५!

निकाल काय लागणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मग हा खटाटोप कशासाठी? माझ्या विद्यार्थ्याचाच हा प्रश्न.

अल्पमताची आणि अटीतटीची चव मावळंकरांनाही ठाऊक होती. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. पुढे १९४६ च्या जानेवारीत, इंग्रजांचे राज्य असताना, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले, आणि सर कावसजी जहांगीर यांना त्यांनी ६६ विरुद्ध ६३ मतांनी हरवले. अवघ्या तीन मतांचा फरक!

पण खुर्चीवर बसल्यावर खरी परीक्षा सुरू होते. इंग्रजी अमदानीत तहकुबीची सूचना हे लोकपक्षाचे मोठे हत्यार होते. सगळे काम थांबवायचे आणि सरकारला जाब विचारायचा. मावळंकरांचे म्हणणे असे पडले, की आता सरकार आपलेच आहे, ते सभागृहाला जबाबदार आहे, जाब विचारायला दुसरे मार्ग आहेत. तेव्हा हे हत्यार क्वचितच काढावे. म्हणून ते अशा सूचना सहसा नाकारत. आपल्या विधानसभेच्या बातम्यांत आपण जिला 'लक्षवेधी' म्हणून ओळखतो, ती सूचना लोकसभेच्या नियमांत १९५४ साली आली. सगळे काम न थांबवताही मंत्र्याला निवेदन करायला लावणारा हा नवा दरवाजा होता.

विरोधकांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. अध्यक्ष निःपक्षपाती राहिलेले नाहीत, ते आमच्या तहकुबीच्या सूचना आणि प्रश्न अडवतात, असा आरोप ठेवून विघ्नेश्वर मिसिर यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यावर चर्चा झाली.

इथे संविधानाची योजना पाहण्यासारखी आहे. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचे देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार ज्या संविधान सभेचे सभासद होते, तिने ठरवून ठेवले होते, की असा ठराव आणायचा तर चौदा दिवसांची आगाऊ नोटीस हवी, आणि तो विचाराधीन असताना अध्यक्षाने त्या खुर्चीवर बसायचे नाही. म्हणजे आरोपी तोच न्यायाधीश, असे होऊ नये! त्याप्रमाणे त्या दिवशी मावळंकरांच्या जागी उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार बसले. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सभासदांना सांगितले, की तुमच्यावर पक्षाचा आदेश नाही, हवे तसे मत द्या. ठराव फेटाळला गेला. मूठभर विरोधकांनी देशातल्या सर्वांत मोठ्या सभेच्या अध्यक्षाला जाब विचारला, आणि तो विचारण्याची वाट त्यांना नियमांनीच दिली.

मावळंकर सरकारच्या ओंजळीने पाणी पिणारे होते, असेही म्हणता येत नाही. संसदेला बाजूला ठेवून ऊठसूट वटहुकूम काढणे लोकशाहीला शोभत नाही, असे त्याच वर्षी त्यांनी नेहरूंना पत्राने बजावले होते. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी ते वारले, तेव्हाही ते अध्यक्षपदावरच होते.

आणि मोरे? हरलेला हा माणूस नियमांवर रुसला नाही. त्याने त्यांचा अभ्यास केला, आणि १९६० साली भारतीय संसदेची रीत आणि कार्यपद्धती यांवर इंग्रजीत ग्रंथच लिहिला. आपण ज्या खुर्चीवर बसू शकलो नाही, त्या खुर्चीचे कायदेकानू इतरांना समजावून सांगायला मन मोठे लागते.

चाळिसांना नियमांची गरज फारशी भासत नाही. हात वर केले की त्यांचे काम होते. नियम लागतात ते नवांना. आपले म्हणणे कधी मांडायचे, उत्तर कुणाकडून घ्यायचे, अध्यक्षच चुकला तर दाद कुठे मागायची, हे लिहून ठेवलेले असले म्हणजे हरणाऱ्यालाही सभेत जागा राहते. आज हरला तरी उद्या पुन्हा बोलायला तो तिथेच येतो. ही जागा गेली, की तो सभा सोडून रस्त्यावर जातो, नाहीतर गप्प बसतो. दोन्ही वाईटच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सर्वांसमोर म्हणालो, "बाळ, काल मी तुला बसवायला नको होते. बोल." आधी तो लाजला, मग पाच मिनिटे बोलला. त्याची बाजू नऊ विरुद्ध चाळीस मतांनी हरली. पण त्या दिवशी कुणी हसले नाही.

वाचकहो, दिवाळीत घरे माणसांनी भरतात. थोरांच्या गप्पांत एखादे धाकटे पोर काही विचारू पाहील, तेव्हा त्याला "खाली बस" म्हणण्याआधी या पंचावन्न मतांची आठवण ठेवावी.