गुलाबी धूळ

२४ एप्रिल १९८० ची रात्र. तेहरानमधल्या अमेरिकन ओलिसांना सोडवायला 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टर्स निघाली. मोहिमेला किमान सहा तरी हवी होती. एक बिघडलं म्हणून वाटेतच सोडून द्यावं लागलं. मग बाकीची इराणच्या वाळवंटावर धुळीच्या ढगात शिरली. समोरचं काही दिसेना, एक परत फिरलं. पोचलेल्या सहांपैकी एक नादुरुस्त. उरली पाच. मोहीम रद्द! त्यात परत निघताना एक हेलिकॉप्टर आपल्याच विमानावर आदळलं आणि आठ जण गेले.

आता म्हणाल, तेव्हा हवामान उपग्रह होते की! मग ही धूळ दिसली कशी नाही?

अहो, दिवसासुद्धा वाळवंटावरची धूळ वाळवंटाच्याच रंगाची. रात्री तर साधा कॅमेरा आंधळाच. आणि इन्फ्रारेडचा एकच चॅनेल फक्त तापमान सांगतो. ते धुळीचं, ढगाचं की गार पडलेल्या जमिनीचं, हे कसं कळणार?

उत्तर आलं भलत्याच दारातून. १९८१ मध्ये नोआ-७ उपग्रहावर ११ मायक्रॉनच्या जोडीला १२ चा चॅनेल आला. काम काय, तर समुद्राचं तापमान मोजताना बाष्पामुळे होणारी चूक काढणं. पण खनिज धुळीची एक खोड आहे. ती ११ ची उष्णता १२ पेक्षा जास्त शोषते. पाण्याचे आणि बर्फाचे कण बरोबर उलटे. म्हणजे नुसती वजाबाकी करायची! ११ मधून १२ चं तापमान वजा केलं की विरळ ढगाला उत्तर अधिक येतं आणि धुळीला उणे. १९८९ मध्ये फ्रेड प्राटा यांनी याच वजाबाकीने ज्वालामुखीची राख ओळखून दाखवली.

२००२ मध्ये युरोपचा मेटिओसॅट-८ वर गेला. दर १५ मिनिटांनी चित्र, शिवाय ८.७ मायक्रॉनचाही चॅनेल. असे दोन फरक लाल आणि हिरव्यात, तर १०.८ चं तापमान निळ्यात भरलं की धूळ चक्क गुलाबी दिसते. रात्रीसुद्धा! आपल्या इन्सॅट-३डी वरही २०१३ मध्ये ११ आणि १२ ची जोडी गेली. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली होती, आठवतंय ना?

अर्थात ही काही जादू नव्हे. वर जाड ढग असला किंवा धूळ अगदी विरळ असली, तर आजही ती निसटते. पण १९८० मध्ये ही वजाबाकी करायला दुसरा आकडाच नव्हता. तो आला पुढच्याच वर्षी, आणि तोही समुद्रासाठी.