गंडीपेटची भिंत आणि भिंतीमागची जमीन

गंडीपेटचे पाणी एकदा प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असे जुने हैदराबादकर म्हणत आले आहेत. नोकरीच्या किंवा व्यापाराच्या निमित्ताने आलेली आणि सुलतान बाजार, काचीगुडा भागात कायमची रुजलेली आपली कितीतरी मराठी घराणी या म्हणीला साक्ष आहेत. पण हे पाणी शहराला कसे मिळाले, आणि पुढे ते राखण्यासाठी काय करावे लागले, हा इतिहास नव्या पिढीला फारसा ठाऊक नाही.

त्याची सुरुवात एका संकटातून झाली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. नदीच्या वरच्या अंगाला शेकडो लहानमोठे तलाव होते. अतिवृष्टीने त्यांतील दोनशेहून अधिक फुटले आणि ते सारे पाणी एकदम शहरावर आले. पूल वाहून गेले, वस्त्या नाहीशा झाल्या. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही दाखवतात.

यावर उपाय सुचवण्यासाठी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकून त्यांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली होती. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. १९०९ साली हैदराबादेत येऊन त्यांनी सल्ला दिला, की पूर शहरात अडवता येणार नाही, तो शहराच्या वरच्या बाजूसच अडवला पाहिजे. त्याप्रमाणे मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि इसी नदीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. उस्मानसागर म्हणजेच आपले गंडीपेट. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे त्याचे पाणी पंपाविना, केवळ उताराने, आसिफनगरच्या गाळणीपर्यंत येत असे.

धरणाची भिंत दगडाची असते, ती दिसते. तलावाचा खरा आधार मात्र भिंतीमागची जमीन असते. पाऊस शेतात आणि माळावर पडला की निम्माअधिक मुरतो, झऱ्याओढ्यांतून सावकाश तलावात उतरतो, आणि वाटेत मातीच त्याला गाळून घेते. त्याच जमिनीवर डांबर, फरशी आणि सिमेंट आले की पाणी मुरायला जागा उरत नाही. दोन तासांत लोंढा येतो, सोबत तेल, कचरा आणि सांडपाणी आणतो, आणि नंतर ओढे कोरडे पडतात. इतका साधा हिशेब, पण तो शासनाच्या कागदावर यायला १९९६ साल उजाडले.

८ मार्च १९९६ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेश शासनाने आदेश क्रमांक १११ काढला. दोन्ही तलावांच्या पूर्ण पाणीपातळीपासून दहा किलोमीटरच्या टापूत प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांना मनाई झाली. एकूण ८४ गावे त्यात आली. नव्या ले-आउटमध्ये रस्ते धरून साठ टक्के जागा मोकळी ठेवायची, बांधकामाचे एकूण क्षेत्र भूखंडाच्या निम्म्याहून अधिक होऊ द्यायचे नाही, आणि टापूतील नव्वद टक्के जमीन शेती, बागायत यांसाठीच राखायची, असे त्याचे स्वरूप होते. थोडक्यात, जमीन झाकायची किती, याला मर्यादा घातली गेली.

लवकरच त्याची कसोटी लागली. या टापूत एका तेल कारखान्याला सवलत देण्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ आणि २००० साली न्यायालयाने निकाल दिले. अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारखाना काढणाऱ्यावर आहे, आणि पिण्याच्या पाण्याला धोका असताना शासनालाही अशी सूट देता येणार नाही, असे त्यांचे सार होते. भारतातील पर्यावरणविषयक न्यायात ते आजही आधारभूत मानले जातात.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. पाणी प्यायले शहराने, बंधन आले गावांवर. शेजारच्या गावातील एकराला सोन्याचा भाव येत असताना ८४ गावांतील शेतकऱ्याने आपली जमीन शहरासाठी उघडी ठेवायची, आणि त्याचा मोबदला कोणी द्यायचा नाही. दुसरीकडे, नियमाला वळसा घालून बंगले आणि फार्महाऊसे उठतच होती. गावकऱ्यांचा रोष अकारण नव्हता.

शेवटी १२ एप्रिल २०२२ रोजी तेलंगण शासनाने आदेश ६९ काढून ही बंधने उठवली, आणि मे २०२३ मध्ये मूळ आदेशच रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जाहीर केला. कारण असे दिले गेले, की शहर आता या तलावांवर अवलंबून नाही, मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचे पाणी येते. ते खरेच आहे. बालाघाटात उगवणारी मांजरा, महाबळेश्वरची कृष्णा, त्र्यंबकेश्वरची गोदावरी, या तिन्ही आपल्या ओळखीच्या नद्या. पण कृष्णा-गोदावरीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून, पंपांनी चढवून आणावे लागते. त्या नद्यांच्या काठी तहानलेली गावे आहेत, आणि दुष्काळ तिथेही पडतो. लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी न्यावे लागले. ते लातूर मांजरेच्याच खोऱ्यातले.

शिवाय हे तलाव मुळात पुरासाठी बांधले होते, ते काम संपलेले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले आणि शहराच्या कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

गावांना मोबदला द्यावा, जरूर द्यावा. शहराच्या पाणीपट्टीतून द्यावा, आपणही त्यातला वाटा भरू. पण एकदा सिमेंटखाली गेलेली जमीन पुन्हा पाणी मुरवू लागत नाही, आणि तशी जमीन दुसरीकडून विकत आणता येत नाही.